तीनदा थांबवणारी वेबसाईट

खानदेशात कुणाच्या घरून निघणं हे एक स्वतंत्र काम असतं, त्यासाठी वेगळा वेळ काढून जावं लागतं. भडगावला माझ्या अक्काकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे, पाहुणा "येतो मग" म्हणून उठला की 'कुठे निघालात' म्हणून आतून आवाज येतो, "कथा निंघनात? बसा ना!" पाहुणा बसतो. थोड्या वेळानं पुन्हा उठतो. "च्या तं पी ल्या!" तिसऱ्यांदा उठतो तोवर तवा तापलेला असतो. "जेवन करीसन जा" याला नाही म्हणायची छाती आमच्या तालुक्यात तरी कुणाची नव्हती. मी या वळणात वाढलो. त्यामुळे पुढे जर्मनीत जे झालं त्यात माझा दोष कमी आणि अक्काचा जास्त, असं माझं आजही ठाम मत आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जर्मनीच्या दौऱ्यावर गेलेल्या आमच्या नाचगाण्याच्या पथकात सहा जण होते. मी ढोलकीवर. पथकाचे म्होरके नाना, पिंपळनेरकडचे. ते पावरी वाजवायचे. पावरी म्हणजे भोपळा आणि बांबूचं, माणसाच्या उंचीला येणारं फुंकवाद्य. विमानतळावर प्रत्येक वेळी चार गणवेशवाले ती पावरी खालून-वरून न्याहाळायचे आणि नाना त्यांना वाजवून दाखवायचे. मग तिथल्या तिथे एक कार्यक्रम व्हायचा.

कार्यक्रम शनिवार-रविवारी. उरलेल्या दिवसांत बाकीचे झोपायचे आणि मी वेबसाईट बनवायचो. जळगावला चपला बाहेर काढून, थंडगार खोलीत बसून कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, तो असा उपयोगी पडला. तिथल्याच एका बेकरीची साईट केली, कुत्र्यांचे केस कापणाऱ्या एका बाईंची केली. त्या बाईंच्या साईटवर मी झेंडूची तोरणं लावली होती. त्यांना आवडली. कुत्र्यांचं माहीत नाही.

दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम एका लहानशा गावात होता. आमच्या जर्मन संयोजक बाई उंच, सरळ आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी सांगून टाकलं, "तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. सभागृह भरलं तर पुढच्या वर्षी बोलावणं, नाही भरलं तर नाही." मी हे नानांना सांगितलं आणि नानांचा चेहरा उतरला. पुढच्या वर्षी पुन्हा जाणार, असं ते निघण्याआधीच साऱ्या पिंपळनेरला सांगून बसले होते. बसस्टँडवरच्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांना. ही एकच गोष्ट त्यांना हवी होती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

"काळजी करू नका," मी म्हटलं. "मी वेबसाईट करतो."

केली. नानांचा पावरीसकट फोटो, कार्यक्रमाची जागा, वेळ, सगळं. पण मनाला काहीतरी कमी वाटत होतं. माणूस येतो, बघतो, बटण दाबतो आणि निघून जातो, ही काय रीत झाली? म्हणून मी एक सोय केली. पान बंद करायला गेलं की चौकट उघडायची: "इतक्यात निघालात? बसा ना." ती घालवली की दुसरी: "आत्ताच तर आलात, निदान फोटो तरी बघा." आणि मग तिसरी: "बरं, पण कार्यक्रमाला नक्की येणार ना?" या तिसऱ्या चौकटीला 'हो' एवढंच बटण होतं. 'नाही' ठेवायचं मला सुचलंच नाही. कुणाला सुचेल?

दोन दिवसांत बाईंचा फोन आला.

"तुमचं पान लोकांना सोडत नाहीये."

"हो," मी अभिमानानं म्हटलं, "तीनदा विचारतं!"

 मग कळलं की कुणा एकाला यायचं नव्हतं म्हणून त्यानं 'हो' दाबलंच नाही; त्यामुळे गावातल्या वाचनालयाचा एकुलता एक कॉम्प्युटर आमच्या आग्रहात अडकून पडला होता आणि ग्रंथपालांनी शेवटी त्याची वायर उपटली होती. बाई म्हणाल्या, आजच्या आज काढा. मी तोंड पाडून नानांकडे गेलो. नाना भडकले, माझ्यावर नाही, बाईंवर. "पाव्हनाले कोनी तसाच जाऊ देतस का? तुनं बठ्ठं बराबर शे!"

चौकटी काढल्या. पण तोवर बोभाटा झाला होता. कार्यक्रमाला सभागृह खच्चून भरलं. काही जण 'हो' दाबलंय म्हणजे जायलाच हवं, असं समजून आले होते. तिथली माणसं शब्दाला फार पक्की. वाचनालयवाले भांडायला म्हणून आले आणि पहिल्या रांगेत बसले. पावरी सुरू झाली आणि पंधरा मिनिटांत ग्रंथपाल मंचावर, नानांच्या मागोमाग फेर धरून! मी हसू आवरत ढोलकी बडवत होतो. असा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर बाई मंचामागे आल्या. चक्क हसत होत्या. नानांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पुढच्या वर्षी याल?"

मी भाषांतर केलं. नानांचे डोळे भरून आले. पण आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणतं का? हावरटपणा दिसतो. नानांनी मान खाली घातली, हात जोडले आणि म्हणाले, "नही नही बाई, कसाले तरास?"

आणि मी, कॉम्प्युटर शिकलेला, दौराभर त्या देशात हिंडलेला शहाणा, तितक्याच अदबीनं इंग्रजीत म्हणालो, "नाही नाही, तुम्हाला कशाला त्रास."

बाईंचं हसू जरासं मावळलं. "समजलं," त्या म्हणाल्या. सगळ्यांशी हात मिळवले आणि कोट घालू लागल्या. आम्ही थांबलो. त्यांनी गळपट्टा गुंडाळला, आम्ही थांबलो. गाडीत बसल्या, काच खाली केली, आम्ही दोघंही पुढे वाकलो. त्यांनी हात हलवला.

गाडी वळणाआड गेली तेव्हा नाना हळूच म्हणाले, "परत इचारी ना रे?"

"विचारतील की," मी म्हटलं. धावत जाऊन सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी फोन करायला हवा होता. पण स्वतः होऊन "येतो" कसं म्हणायचं, ते मला जमलं नाही.

पुढच्या वर्षी दुसरं पथक गेलं. मी पिंपळनेरला गेलो तेव्हा नाना बसस्टँडवर पानवाल्यापाशी उभे होते. कुणीतरी विचारलंच, काय नाना, औंदा परदेश नाही? नानांनी चुना लावता लावता माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "त्यास्नी बलाव्हं व्हतं. मीच 'नही' सांगं."