मास्तरांनी वाचलेलं पान

मास्तर गेल्या चैत्रात पार्से गावी, आपल्या घरी वारले. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक. आसपास मोडी वाचणारे तेवढेच उरले होते. लोक जमिनीचे, देवस्थानाचे जुने कागद घेऊन त्यांच्याकडे येत.

तुम्ही त्यांना वाचताना पाहायला हवं होतं. माडाच्या झावळीची हीर ओळीखाली धरायची आणि अक्षराअक्षराने पुढे सरकवायची. कागद आपल्या बाजूचा नाही म्हणून कोणी कुरकुरलं, तर म्हणायचे, "सांगता तो कागद. मी फकत वाचतंय."

भावकीच्या वादात एकदा त्यांनी स्वतःच्याच विरुद्ध जाणारा कागद वाचला. काजूची अर्धी बाग गेली. बायकोने आठ दिवस अबोला धरला. "बरां झालां," मला म्हणाले, "शांतपणी वाचूक गावलां."

जुन्या वैद्यांच्या हस्तलिखित बाडांवर वर्तमानपत्रात लिहायचं म्हणून मी त्यांच्याकडे जाऊ लागलो आणि त्यांच्याकडूनच मोडी शिकलो.

एका दुपारी कारापूरची एक बाई असंच बाड घेऊन आली. तिच्या सासऱ्यांचे आजोबा नावाजलेले वैद्य होते. बरोबर सून होती. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्यालाही तपासायला सांगितलं होतं. तो वास्कोला बंदरात कामाला. तो तयार नव्हता, आईही नव्हती.

"आमच्या घराण्यात दादल्यांक दोष नाय," बाई म्हणाली. "हिच्यासाठी औषध असात तर बघा, मास्तर. नायतर चवथीआधी हिका म्हायेराक धाडतंय."

सून उंबऱ्याशी बसली होती. तिच्यापुढचा चहा निवला.

मास्तरांनी बरीच पानं उलटली. मग एका पानावर हीर टेकवून वाचलं, "क्षेत्रास दोष देण्याआधी बीज पाहावे. आधी पुरुषाची परीक्षा, मग स्त्रीस औषध."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. शब्द तेच. हीर मात्र दोन्ही वेळा पहिल्या अक्षरावरून हलली नाही. मला वाटलं, हात थकला असेल.

"वैद्य आज्यान असां लिवलां?"

"सांगता तो कागद."

बाईने पानात दोरा घातला. ती गेल्यावर मी वही काढली, तर मास्तर म्हणाले, "ह्यां छापू नको हां."

पुढच्या आठवड्यात मुलगा तपासणीला गेला. दोष त्याच्यात निघाला, उपचार सुरू झाले. सून कारापूरलाच राहिली.

गेल्या महिन्यात ती बाई तेच बाड घेऊन माझ्याकडे आली. बरोबर तिची बहीण.

"मास्तर नाय, आता तूच वाच. हिच्या सुनेच्या लग्नाक चार वर्सां झाली, मूल नाय. घोवाक तपासूया म्हटलां तर ही आयकना. तां पान हिका ऐकव."

मी दोऱ्याचं पान उघडलं. त्यावर बैलाच्या सुजलेल्या खुरावर लावायचा लेप होता. मागची पुढची पानं पाहिली. तीही गुरांच्या औषधांचीच.

"वाच रे," बाई म्हणाली.

मी पहिल्या अक्षराखाली हीर टेकवली आणि वाचलं, "क्षेत्रास दोष देण्याआधी बीज पाहावे."