बर्फवाल्याचा चेहरा

अख्तरुन्निसाने आपल्या नवऱ्याचा चेहरा चाळीस वर्षांनी पुन्हा पाहिला, तो खारघरच्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये, नातीच्या लॅपटॉपवर.

इसाक गेला तेव्हा त्यांचा आमिर चार वर्षांचा होता. उरणला राहायची ती मंडळी. इसाक कारखान्यातून बर्फाच्या लाद्या हातगाडीवर घालून करंजा बंदरावर न्यायचा. लादीवर भाताचा भुसा, वर ओलं गोणपाट, आणि वाटेत कोणाशी बोलायला थांबायचं नाही, असं त्याचं काम. कावीळ झाली, अंगावर काढली आणि आठवड्याभरात माणूस संपला. अख्तरुन्निसाने पुढे कोळंबी सोलली, लोकांचे कपडे शिवले, लग्नाघरी सांदणं वाफवून दिली आणि मुलाला शिकवलं. आमिर कुवेतला गेला, त्याने खारघरला घर घेतलं, आणि त्याची बायको शायमा सासूला सन्मानाने तिथे घेऊन आली. सगळं मिळालं म्हणायचं. एक मात्र नव्हतं. इसाकचा फोटो नव्हता. भिंतीवर तसबिरी लावायची त्या घरात रीत नव्हती, आणि खास फोटो काढून घ्यावा असं काही इसाकच्या आयुष्यात घडलंच नाही.

अख्तरुन्निसाला तो आठवायचा, पण बाजूने आठवायचा. सासू, जावा, नणंदा यांच्यासमोर नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, असा तो काळ. तो जेवायला बसला की ही मागे वाढायला उभी. त्यामुळे त्याची मान, डावा कान, गाडी ढकलून एका बाजूला उतरलेला खांदा हे तिला पाठ होतं. समोरून पाहिलेला इसाक थोडाच होता, आणि तोही बत्तीच्या उजेडातला.

नात अफिफा कॉलेजात व्हिडिओ गेम बनवायला शिकत होती. दुसऱ्या वर्षी तिने एक गेम करायला घेतला आणि त्याचं नाव ठेवलं ‘लादी’. बर्फवाल्याने गाडी ढकलत बंदरावर पोचायचं. ऊन वाढतंय, लादी लहान होतेय, वाटेत गाय आडवी येते, पोलीस अडवतो, आणि कोळणी तिकडून शिव्या घालताहेत. बर्फवाला कोण, हे अफिफाला विचारावंच लागलं नाही.

कॉलेजने मुलांना एक सॉफ्टवेअर दिलं होतं. त्यात माणूस तयार मिळायचा. मग स्क्रीनवरची बटणं इकडेतिकडे सरकवून त्याचं नाक, हनुवटी, डोळे, चाल, सगळं बदलता यायचं. अफिफा दादीला शेजारी घेऊन बसली.

“दादी, नाक असं?”

“खाली आन जरा. एवढं नाय गं! मानूस हाय तो, पोपट नाय.”

“आणि कान?”

“कान मोटे. डावा पुढे आलेला. आनखी. हां, बस.”

शायमा भाजी निवडता निवडता हसली. “अम्मी, स्थळ बघायला बसल्यासारख्या बसल्यात.”

“तेवा कुठं बघू दिलं?” अख्तरुन्निसा म्हणाली. “आता बघते.”

असं बरेच दिवस चाललं. एका दुपारी अफिफाने त्या माणसाला चालवून दाखवलं. उजवा खांदा खाली, लुंगीचा एक काठ भिजलेला, डावी चप्पल किंचित ओढलेली. अख्तरुन्निसाचा हात तोंडावर गेला. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मग तिचा नेमच झाला. दुपारनंतरची असरची नमाज झाली की ती डोक्यावरची ओढणी नीट करून लॅपटॉपसमोर येऊन बसायची. “आमिरच्या अब्बाला चालव जरा,” म्हणायची. नवऱ्याचं नाव तिने तेव्हाही घेतलं नव्हतं, आताही घेत नव्हती. तो गाडी ढकलत यायचा, समोर तोंड करून उभा राहायचा, आणि ती त्याच्याकडे पोटभर बघून घ्यायची. अडवायला सासू नव्हती, नणंद नव्हती.

कॉलेज संपलं. ‘लादी’ एका कंपनीला आवडला. गेम बाजारात आणायचं काम ती कंपनी करायची. तिथली उन्नती नावाची मुलगी व्हिडिओ कॉलवर बोलायला आली, तेव्हा अख्तरुन्निसा कौतुकाने मागे खुर्ची टाकून बसली होती.

“मस्त झालाय गं,” उन्नती म्हणाली. “तो बर्फवाला तर कमाल. कशात बनवलास?”

अफिफाने सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं.

“लायसन्स कुठलं?”

“कॉलेजचं होतं. स्टुडंटवालं.”

“मग प्रॉब्लेम आहे. स्टुडंट लायसन्सवर केलेलं कॅरेक्टर फक्त अभ्यासापुरतं असतं. विकायच्या गेममध्ये नाही घालता येत.”

“मी आता पूर्ण लायसन्स घेते ना. टेन्शन नाही.”

“घे, घ्यावं लागेलच. पण त्याने जुनं कॅरेक्टर सुटत नाही. फाइलमध्येच नोंद असते, कशावर बनलंय त्याची. त्यांच्या अटी वाचल्या नाहीस?”

“कोण वाचतं? खाली ‘मान्य’ दाबलं.”

“सगळे तेच करतात. आता नवा माणूस बनव, शून्यापासून. आणि जुना बाजूला उघडून बघत बघत उतरवायचा नाही हं, तेही त्यात लिहिलंय. खोटं सांगू नकोस, पुढे तुझाच गेम खाली उतरवतील.”

कॉल संपला. अख्तरुन्निसाला त्यातलं निम्मं कळलं नव्हतं. तिने नातीचा हात धरला.

“ती काय बोलली? आमिरच्या अब्बाला काढा बोलली?”

“हो, दादी.”

“कोनाचा हाय तो? त्यांचा की आपला?”

“चेहरा आपला,” अफिफा म्हणाली. “पण ज्या साच्यातून काढला तो साचा त्यांचा. आपल्याला तो शिकण्यापुरता वापरायला दिला होता.”

त्या आठवड्यात कॉलेजच्या लायसन्सची मुदतही संपली आणि जुनी फाइल उघडेना. अफिफाच्या फोनमध्ये त्या बर्फवाल्याचं एक चित्र होतं. ती म्हणाली, “दादी, हे घरात ठेवायला सॉफ्टवेअरवाले नको म्हणणार नाहीत. मोठं करून आणते. आणि गेमसाठी आपण पुन्हा बनवू. तू सांग, मी करते. तुझ्या डोक्यातले दादा तर कोणाच्या लायसन्समध्ये नाहीत ना?”

अख्तरुन्निसाला ते पटलं. ती हसलीसुद्धा. पूर्ण लायसन्स आलं. नवा, कोणाचाच नसलेला चेहरा स्क्रीनवर आला. आणि दादी-नात पुन्हा बसल्या.

या वेळी काम फार भराभर झालं. नाक असं, हनुवटी अशी, डोळे असे. अख्तरुन्निसा कुठे अडली नाही की थांबून आठवत बसली नाही. संध्याकाळपर्यंत बर्फवाला उभा राहिला. अफिफा त्याच्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा उतरला.

“दादी, हा तर तोच आहे.”

“मग? तोच पायजे ना?”

“तोच म्हणजे दादा नाही गं. तोच म्हणजे पहिला, आपण बनवलेला. भुवईच्या टोकाला मी चुकून एक वळण ठेवलं होतं, नंतर सुधारायचं राहून गेलं. तू आज तेही सांगितलंस.”

अख्तरुन्निसाने डोळे मिटले. जुना, बत्तीच्या उजेडातला माणूस शोधू लागली. आला तो गाडी ढकलत आला, समोर तोंड करून उभा राहिला, आणि त्याच्या भुवईला ते वळण होतं.

नमाजेला बसली तरी तेच. तांदूळ निवडताना तेच. शायमाने विचारलं, “अम्मी, बरं नाही का?” तर म्हणाली, “मना काय झालंय? बरी हाय.”

इसाकला पाहिलेलं माणूस आता कोण राहिलं होतं? दीर गेले, नणंदा गेल्या. आमिरला कुवेतला फोन लावला तर तो म्हणाला, “मला त्यांचा हात आठवतो, थंडगार. तोंड नाही आठवत.” मग अख्तरुन्निसाला करंजाची बाळाबाई आठवली. कोळीण. इसाकच्या गाडीची रोजची गिऱ्हाईक. अफिफाने रिक्षा ठरवली आणि दोघी गेल्या.

बाळाबाई ओटीवर जाळ्याचा तुकडा मांडीवर घेऊन बसली होती. तिला ओळख पटायला वेळ लागला नाही.

“आगो, अख्तर! मी समजली मेलीस.”

“तू मेली नायस, तर मी कशी मरू?”

“ही कोन, नात? काय गो पोरी, तुझा आजा लय खोडीचा होता. लादी फोडायचा नि सगला भुसा माझ्या टोपलीत. मी शिव्या घातल्या की हसायचा.”

अफिफाने फोनमधलं चित्र दाखवलं नाही. दाखवायचं नाही, असं तिने वाटेतच ठरवलं होतं. तिने नुसतं विचारलं, “आजी, ते दिसायला कसे होते?”

“कसा म्हंजे? उंच, कालासावला. कान असं.” बाळाबाईने आपले दोन्ही कान हाताने पुढे केले. “नि तोंडावर देवीचं खड्डं. या गालावर जास्ती. घाम आला की त्या खड्ड्यांत भुसा चिकटायचा, तर आमी बायका बोलायचो, इसाक, तुझ्या तोंडाची पन लादी झाली.”

बाळाबाई आपल्याच बोलण्यावर खदखदून हसली. अख्तरुन्निसा हसली नाही. तिचे ओठ नुसते हलले.

देवीचे वण. लहानपणी देवी आल्या होत्या त्याला. लग्न झाल्यावर पहिल्यांदा त्याच्या गालाला हात लागला तेव्हा ती दचकली होती, आणि तो म्हणाला होता, भितेस काय, आता नाय येत त्या. एवढं सगळं होतं. मग ते गेलं कुठे?

रिक्षात अफिफा हळूच म्हणाली, “दादी, तू अगदी पहिल्या दिवशी सांगितलं होतंस. तोंडाला खड्डे होते म्हणून. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये सुरकुत्या होत्या, तीळ होते, मुरुमं होती, देवीचे वण नव्हते. मी म्हटलं, नंतर हाताने घालू. मग राहिलं. आणि तूही परत म्हणाली नाहीस.”

“रोज बघत गेले,” अख्तरुन्निसा म्हणाली. “बघता बघता त्याचं तोंड साफ झालं.”

घरी आल्यावर तिने एकच गोष्ट सांगितली. “फोनातलं ते चित्र काढून टाक. मोठं करून आनू नको. तो दिसला की खरा मागे जातो.”

अफिफाने ते तिच्यासमोर पुसलं.

नंतरच्या दिवसांत अफिफाने तिसरा बर्फवाला केला. बाळाबाईच्या सांगण्यावरून केला. उंची, सावळा रंग, दोन्ही कान पुढे. गालावरचा एकेक वण तिने स्वतः काढला. मध्ये मध्ये करंजाला फोन लावायची आणि बाळाबाई ओरडून सांगायची, “या गालावर जास्ती बोलली ना तुना!” लायसन्स पूर्ण होतं, जुन्याचा कुठे आधार नव्हता, कोणी बोट ठेवावं असं काही उरलं नव्हतं. उन्नतीलाही तो आवडला. “पहिल्यापेक्षा भारी,” ती म्हणाली. “एक शेवटचं. चेहरा खऱ्या माणसाचा असेल तर त्याचं नाव आणि घरच्यांची सही लागते. नसेल तर ‘काल्पनिक’वर खूण कर.”

अफिफाने दादीला हाक मारली. सही अख्तरुन्निसाची लागणार होती.

ती येऊन बसली. स्क्रीनवर गाडी आली. मागे उंच, सावळा, व्रणांच्या गालाचा माणूस. त्याने गाडी थांबवली, गोणपाट सारखं केलं, आणि समोर बघितलं. अख्तरुन्निसा पुढे वाकली. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. शायमा दारात येऊन उभी राहिली होती.

“परत चालव,” अख्तरुन्निसा म्हणाली. अफिफाने चालवला.

“परत.”

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा अख्तरुन्निसाने मान हलवली.

“बाळाबाई खोटं नाय बोलायची. असाच असेल तो.” ती मागे टेकली. “चांगला मानूस दिसतो. पन मी याला वलखत नाय, बेटा.”

“दादी, हळूहळू ओळखशील. रोज बघितलंस की—”

“नको. तसंच तर झालं मागल्या टायमाला.”

शायमा म्हणाली, “अम्मी, सही करून टाका ना. तेवढंच अब्बांचं नाव लागेल गेममध्ये. पोरीने केवढी मेहनत घेतलीय.”

अख्तरुन्निसाने सुनेकडे पाहिलं, मग नातीकडे. अफिफाचे डोळे भरले होते. नाव लागावं असं तिला किती वाटत होतं, ते दादीला कळत होतं. पण नवऱ्याचं नाव जिने आयुष्यभर तोंडाने घेतलं नाही, तिला ते न ओळखलेल्या माणसाखाली लिहून देणं जमेना.

“त्याच्यात दुसरं काय लिहायला सांगितलंय?” तिने विचारलं.

“काल्पनिक. म्हणजे मनाने बनवलेला, कोणाचाच नाही.”

“मग तेच लिही. खरं तेच हाय.”

अफिफाने डोळे पुसले. मग तिने ‘काल्पनिक’समोर खूण केली आणि फॉर्म पाठवला. उन्नतीचं उत्तर लगेच आलं. आता काही अडचण नाही, असं तिने लिहिलं होतं.