उपासाचं बटण

मितालीचं जिम बडा गणपतीच्या देवळामागच्या गल्लीत, साड्यांच्या एका दुकानावर आहे. फक्त बायकांचं. दोन ट्रेडमिल, त्यातली एक कायम बंद, आणि भिंतभर आरसे, जे माझ्या वयाच्या बाईला मुळीच नको असतात. मी तिथे जाते ती गुडघ्यांसाठी. व्यायामाची मला हौस नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "कोई बात नहीं काकू, हौस मी करते, तुम्ही फक्त पाय उचला," असं ती म्हणाली होती.

मिताली चव्वेचाळीस वर्षांची आहे. घरच्या पोळ्या उरकून पहाटे साडेपाचला शटर वर करते. अकरापर्यंत बायका, मग घर, पुन्हा चार ते आठ बायका. कुणाचा गुडघा, कुणाचं ऑपरेशन, कुणाची मुलगी भंवरकुआं भागात कोचिंग लावून बसली आहे, सगळं तिच्या डोक्यात. हजेरीचं रजिस्टर तिने एकदा सुरू केलं होतं. ते जूनपर्यंत जाऊन थांबलं.

गेल्या वर्षी एकाच आठवड्यात दोन गोष्टी तिच्यापुढे आल्या. तिचा नवरा देवदत्त सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, त्याने जिमसाठी सॉफ्टवेअर शोधून काढलं. बोटाच्या ठशाने हजेरी, न आलेल्या बाईला आपोआप मेसेज, बॅचचं वेळापत्रक, सगळं त्यात. आणि त्याच आठवड्यात मितालीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. दुसऱ्यांची वजनं उतरवणाऱ्या या बाईची साखर गोळ्यांना दाद देत नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, तोंडात जाईल तो घास न् घास तीन महिने मोबाइलच्या ॲपमध्ये लिहा. साखर उतरली तर ठीक, नाहीतर इन्सुलिन.

इन्सुलिनला ती मनापासून घाबरायची. तिच्या वडिलांचं सुईपासून सुरू झालं आणि पाय कापण्यावर संपलं. सुईने पाय जात नाही, हे मी तिला दहा वेळा सांगितलं. तिला ते पटायचं, पण भीती जायची नाही.

आता दोन्ही करावं म्हटलं, तर दिवसात मोकळा तास एकच, दुपारी तीन ते चार. सॉफ्टवेअरला एकशे चाळीस बायकांची नावं, फोटो आणि जन्मतारखा भरून हव्या होत्या. ॲपला वाटी-वाटीचा हिशेब हवा होता. देवदत्तचं म्हणणं सरळ होतं. "पहिले जिमचं कर. तुझं काय, तू तर घरचीच आहेस." हे वाक्य त्याने माझ्यासमोर म्हटलं आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटलंही नाही.

"काकू, दिमाग का दही झालंय," ती मला म्हणाली. "तुम्हीच सांगा, कोणतं घेऊ?"

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. मला सगळ्यातलं कळतं, निदान तसं मला वाटत असतं. मी म्हटलं, ॲप घे. देवदत्तने आठवडाभर तोंड फुगवलं.

तिने खरंच इमानदारीने लिहिलं. दोन पोळ्या, अर्धी वाटी वरण, सकाळी पोहे. पोह्यांवरची शेवसुद्धा तिने चमच्याने मोजली. आणि सोमवार, गुरुवार, मधली चतुर्थी, या दिवसांसाठी ॲपमध्ये एक बटण होतं, उपासाचं. ते दाबलं की त्या दिवशी काही लिहायचं नाही, नुसतं घड्याळ सुरू व्हायचं, आणि संध्याकाळी पडद्यावर फुलं पडायची. ती मला मोबाइल दाखवायची. "बघा, बारा तास झाले." मी म्हणायची, वा. मला अजूनही स्वतःच्या त्या 'वा'चा राग येतो.

कारण आपल्याकडे उपास म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं का? पोळी-भाजी-भात पोटात गेला नाही की आपण म्हणतो, आज काही खाल्लं नाही. साबुदाण्याची खिचडी, वर फराळी मिक्श्चर, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याचा लाडू, हे खाणं नव्हेच. ॲपला वाटलं बाई उपाशी आहे. ज्याने कुणी ते बटण केलं, त्याने उपासाचं ताट पाहिलेलं नसणार. पण आम्ही दोघींनी तर जन्मभर पाहिलं होतं.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. साखर चढली होती. देवदत्तला ऑफिस होतं म्हणून डॉक्टरांकडे मी बरोबर गेले. डॉक्टरीणबाई पंजाबी. त्यांनी मोबाइल वरखाली केला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ये हफ़्ते में दो दिन, कभी तीन दिन, आप कुछ नहीं खातीं?"

"व्रत रहता है, मॅडम."

"व्रत में क्या लेती हैं?"

"कुछ नहीं. बस साबूदाना."

"कितना?"

मितालीने दोन्ही तळहात लांब धरून ताट दाखवलं. मग हात हळूच मांडीवर ठेवले. ताट केवढं आहे ते तिला तेव्हाच कळलं असावं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी इन्सुलिन लिहून दिलं, उद्यापासून.

बाहेर रिक्षात ती रडली नाही. ती फार दमलेली होती. म्हणाली, "आता देवदत्तचं सॉफ्टवेअरच टाकून घेते. ते मला तरी काही विचारणार नाही."

मी म्हटलं, ॲप काढू नकोस. बटण दाबू नकोस, ताटात असेल ते लिही. आणि खरं तर हे उपास सोडूनच दे, देव काही रुसत नाही.

"देवासाठी कोण करतं, काकू," ती म्हणाली. "बाकीच्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं ओट्याशी उभ्याने खाते. उपासाला सासूबाईंचाही उपास असतो. खिचडी त्या करतात. मला बसवून, गरम वाढतात, आणि अजून घे म्हणतात."

मी तिला उपास सोड असं पुन्हा सांगितलं नाही. चारच्या बॅचला अर्धा तास उरला होता. तिने रिक्षावाल्याला जरा लवकर घ्यायला सांगितलं.