चावीचं भुंकणं आणि दादाचं ‘कोण?’

माझा थोरला भाऊ कुलपं दुरुस्त करतो. कुठलंही कुलूप तारेच्या तुकड्यानं उघडतं हे एकदा हाताला कळलं की माणसाची झोप उडते. शेजारी हसला, तर कशाला हसला? दुकानदारानं जास्त माप दिलं, तर का दिलं? लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, आमचा दादा सुतावरून थेट पोलीस चौकी गाठतो. लग्नही त्यानं केलं नाही. मुलीकडचे फार गोड बोलत होते म्हणे.

त्याच्या दोन खोल्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. दाराशीच टेबल, त्यावर कानशी, चिमटे, पोट उघडून पडलेली कुलपं, आणि टेबलाखाली त्याची कुत्री. नाव चावी. आजवर कुणाला चावली नाही, पण भुंकणं असं की जिन्यावरून जाणाऱ्याच्या हातातली पिशवी पडावी. दादाला जगात तिचा तेवढा भरवसा. माझाही नाही, मी नेलेला डबा तो आधी हुंगतो, मग खातो.

वरच्या मजल्यावर एक नर्स राहायला आली. तिला रात्रपाळी, म्हणजे झोप दिवसा. तिनं तक्रार केली आणि मालकीणबाईंनी येऊन रोखठोक सांगितलं, “कुलूपवाले, महिनाअखेरपर्यंत कुत्री गप्प झाली तर ठीक. नाहीतर तिला घालवा, किंवा खोल्या सोडा.”

त्या गेल्यावर दादा म्हणाला, “कुठेतरी पाणी मुरतंय. त्या नर्सला माझ्या खोल्या हव्यात.”

“तिला झोप हवीय, दादा.”

“तू कधीपासून तिच्या बाजूची झालीस?”

पण तो घाबरला होता. बोलताना त्याच्या हातातली किल्ली कुलपात शिरेना. चावी गेली तर या माणसाला दुसरं होतं कोण?

मी दुकानातून भुंकणं थांबवणारा पट्टा आणला. कुत्रं भुंकलं की गळ्यातला पट्टा थरथरतो, कुत्रं दचकतं आणि गप्प बसतं. विजेचा झटका वगैरे काही नाही, असं दुकानदार म्हणाला. दादानं आधी पट्ट्यातलं यंत्र उघडून भिंगाखाली पाहिलं, मग पट्टा स्वतःच्याच गळ्याला बांधला.

“दुकानदाराच्या शब्दावर मुक्या जनावराचा गळा देऊ?” तो म्हणाला. मला हसू आवरेना, पण त्या क्षणी त्याचा अभिमानही वाटला.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. “कोण?” दादा सवयीनं ओरडला. पट्टा थरथरला, दादा खुर्चीतून उडाला, टेबलाखालून चावी भुंकू लागली. थोड्या वेळानं पुन्हा पावलं, पुन्हा “कोण?”, पुन्हा तोच तमाशा. इतकं होऊनही आम्हा दोघांच्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टा चावीला बांधला. ती खाटेखाली जाऊन बसली, खाईना, आणि भुंकायची ती भुंकतच राहिली, फक्त आता थरथर कापत. “बास,” म्हणून दादानं पट्टा काढून टाकला.

मग मी कुत्र्यांना शिकवणारी एक बाई शोधून आणली. ती कुणाची कोण, राहते कुठे, नर्सला ओळखते का, या सगळ्या उलटतपासणीला तिनं शांतपणे उत्तरं दिली आणि स्टुलावर बघत बसली. जिन्यात पावलं वाजली, नेहमीचा गोंधळ झाला.

“काका,” ती म्हणाली, “पावलं वाजली तेव्हा हिनं नुसता कान उचलला. मग तुमच्याकडे बघितलं. तुम्ही ‘कोण?’ म्हणालात, तेव्हा कुठे भुंकली. पट्टा ठेवून द्या. पावलं वाजली की तोंड मिटायचं, तिला खाऊ द्यायचा आणि कानस चालू ठेवायची.”

“आडातच आहे, मग पोहऱ्यात येणारच की!” मी म्हटलं. दादानं माझ्याकडे असं पाहिलं की मी डबा उचलला. ती बाई गेल्यावर म्हणाला, “ही नर्सचीच माणूस.”

तरी त्यानं सगळं केलं, कारण दुसरा इलाज नव्हता. मी जिना चढायची-उतरायची, तो ओठ घट्ट मिटून बिस्किट पुढे करायचा. बिस्किट खाऊनही चावी भुंकायची, कारण दादाची मान ताठ झालेली तिला दिसायची. मग मान सैल सोडायला शिकणं आलं. माझे गुडघे बोलायला लागले, आणि हा विचारतोय, “आज हळू का चढलीस?”

महिनाअखेरीला मालकीणबाई सकाळीच येऊन खुर्चीत बसल्या. कामावरून परतलेली नर्स जिना चढू लागली आणि नेमकी दादाच्या दारापाशी थांबली. बहुधा पिशवी या हातातून त्या हातात घेत असावी. चावीनं कान उचलला. दादाकडे पाहिलं. दादाच्या ओठांवर आलेला ‘को’ मला दिसला. त्यानं तो गिळला, मान खाली घातली आणि कानस फिरवत राहिला. चावी बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं पंजांवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. पावलं वर निघून गेली.

“राहू द्या कुत्री,” म्हणून मालकीणबाई उठल्या.

मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या. दादानं कानस खाली ठेवली. त्याचे डोळे भरून आले होते.

“अगं, तिला कुणाचाच संशय नव्हता,” तो म्हणाला. “ती मला विचारायची, कोण आलंय म्हणून. आणि मी दर वेळी तिला सांगत आलो, चोर आहे.”