सतरा नंबर, हाजिर

आमच्या गावच्या हायस्कूलचा इतिहास छापायचाय म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या मंडळातली दोन माणसं परवा माझ्याकडे आली. मोठ्या नावाची शाळा ती, निजामाच्या काळातली, दगडी. कलेक्टर झालेले, आमदार झालेले, कारखान्याचे चेअरमन झालेले, सगळ्यांचे फोटो त्यांच्याकडे जमलेत. त्यातल्या एकानं विचारलं, "आजी, तुमच्या घरातलं कोण होतं शाळेत?"

"मीच होते," मी म्हटलं.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. त्या काळी तिथं मुलींना घेतच नव्हते, एवढा इतिहास त्यांना पाठ होता. चहा पिऊन गेले बिचारे. म्हातारीला भ्रम झालाय म्हणाले असतील. म्हणू देत.

पण होते मी. एक हिवाळाभर होते.

दुष्काळाच्या साली गावातले सगळे आड आटले, शाळेच्या आवारातला तेवढा राहिला. हेडमास्तरांनी गावासाठी फाटक उघडं केलं. आडापासून निघालेली रांग आठवीच्या वर्गाच्या खिडकीला खेटून जायची, आतलं सगळं ऐकू यायचं. मी सातवी पास होऊन घरी बसलेली. मुलींची शाळा सातवीपर्यंतच, पुढं चूल. आडाला पाणी थेंबथेंब पाझरायचं, त्यामुळं रांग हलायची नाही. बायका वैतागायच्या. मला मात्र वाटायचं, हलूच नये मेली.

दुसऱ्या शाळांत पोरं हजेरीला "हजर" म्हणायची. या शाळेत निजाम गेला तरी "हाजिर"च राहिलं होतं आणि पोरांना त्याचा भारी तोरा. मास्तर नंबर पुकारायचे. सतरा नंबरला कोणी बोलायचं नाही. तो मुलगा दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊस तोडायला गेलता, लांबच्या एका सहकारी कारखान्यावर. नाव काही कमी केलं नव्हतं. मास्तर रोज पुकारायचे आणि पुढं जायचे.

एक दिवस काय झालं कुणास ठाऊक, "सतरा" ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हाजिर!"

अख्खा वर्ग हसला. रांगेतल्या बायका हसल्या. "अगं ए, पानी भरायला आलीस का शाळा शिकायला?" मला घागरीत तोंड लपवावंसं वाटलं. मास्तर हसले नाहीत. खिडकीकडे बघून "बरं" म्हणाले आणि अठरा पुकारला.

दुसऱ्या दिवशी "सतरा" म्हणून ते थांबले. इकडं न बघता थांबले. मी हळूच म्हटलं, "हाजिर." मग रोजच. पोरं आधी फिदीफिदी हसायची, मग त्यांनाही सवय झाली. मास्तर माझ्याशी कधी एक शब्द बोलले नाहीत, पोरं तर नाहीच. आणि रांगेतल्या बायका माझ्याशी धड बोलेनात, कारण मी सारखी "गप बसा, ऐकू द्या" म्हणायची. दोन्हीकडून एकटी. पण नंबर होता मला. मी तेल लावून वेणी घालून जायला लागले. आई म्हणायची, "पान्याला जायला कावून एवढी नटतीस गं? आडात कुनी बघायला बसलंय का?"

मी मनात ठरवून टाकलं होतं, जूनमध्ये मास्तर हेडमास्तरांकडे माझ्यासाठी शब्द टाकणार आणि मी खिडकीच्या आत जाणार. मास्तरांनी असं काही कबूल केलं नव्हतं. माझं मीच कबूल करून घेतलं होतं.

त्या साली ऊसच नव्हता. कारखान्यांचा पट्टा लवकर पडला, म्हणजे गाळप बंद झालं, आणि तोडीला गेलेल्या बैलगाड्या परळीच्या शिवरात्रीआधीच परत आल्या. आमच्या गल्लीतही दोन आल्या. मला काय त्याचं, मी घागर घेऊन रांगेत गेले.

"सतरा."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून घोगरा आवाज आला, "हाजिर!"

पोरांनी बाकं वाजवली. मास्तरांचा चेहरा असा फुलला की मला त्यांचा रागच आला. "आलास का रे? बस, बस," म्हणाले. उन्हानं काळा पडलेला, उसाच्या पाल्यानं हात कापलेला पोरगा. बाकावर अंग चोरून बसला होता. जागा त्याचीच होती, त्याच्यावर कसं रागवायचं? मला रडू आलं, लई आलं. त्याच्यासाठी आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, खोटं कशाला बोलू. मास्तर एकदा तरी खिडकीकडे बघतील म्हणून मी थांबले.

त्यांनी अठरा पुकारला.

मागची बाई म्हणाली, "सरक की गं पुढं, रांग हलली."

मी सरकले.