वाटेला एक दिवस सुट्टी

कंपनीची बस सुप्याहून निघाली होती आणि मी खिडकीला डोकं टेकून डुलक्या घेत होतो, तेव्हा शोभाचा, माझ्या बायकोचा, फोन आला. "हौसाआक्का गेल्या," एवढंच म्हणाली. दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. मी केडगावला पुणे रोडवर उतरलो, टायरच्या दुकानाशेजारच्या फटीतून रोजच्यासारखा पायवाटेला लागलो आणि निम्म्यावर आल्यावर भानावर आलो. ही वाट आक्कांच्याच रानातून जाते, त्यांच्या पत्र्याच्या घराला खेटून. अंगणात माणसं बसली होती. दोन्ही बाजूंना दाटीवाटीने बसलेली, पण मधली वाट तेवढी मोकळी. कोणी सांगितलं नसेल, पण त्या दिवशीही वाटेवर कोणी बसलं नव्हतं. संध्याकाळी आक्कांना त्याच वाटेने पुणे रोडला आणलं आणि तिथून अमरधामला नेलं. आषाढ संपायला आला होता.

केडगावात त्यांची कधीकाळी बरीच जमीन होती. सासऱ्यांच्या काळात ज्वारी, मग दीर वेगळे झाले, मग प्लॉट पडले, आणि ज्वारीच्या जागी आमच्यासारखी माणसं उगवली. मी पाथर्डीकडचा. सुप्याच्या कारखान्यात लागलो आणि ह्या गल्लीत भाड्याची खोली घेतली, पुढे जुन्या बिल्डिंगीत एक फ्लॅट जमला. आक्कांना कोणाची आडनावं लक्षात ठेवायची गरज वाटत नसे. मी कायम 'पाथर्डीवाले', आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई 'श्रीगोंदेकरीण', आणि अलीकडे शेजारी जो उंच टॉवर झाला त्यातले सगळे सरसकट 'लिफ्टवाले'. नवऱ्यामागे त्यांनी मुलाला, रावसाहेबला, वाढवलं. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बाकी राहिलं होतं ते एवढंच: आमची गल्ली आणि पुणे रोड यांच्यामधले थोडेसे गुंठे, त्यावर पत्र्याचं घर, आणि त्यातून तिरकी गेलेली ती पायवाट.

मी आलो तेव्हा अशा वाटा पुष्कळ होत्या. कुणाच्याही रिकाम्या प्लॉटमधून कुठेही जाता यायचं. मग भाव चढायला लागले. केडगावात पूर्वी लोक पावसाबद्दल बोलायचे, नंतर चहाच्या टपरीवरसुद्धा गुंठ्याबद्दल बोलायला लागले, आणि भाव सांगताना उगाच आवाज खाली आणायला लागले. एकेका प्लॉटला भिंत आली, भिंतीला गेट आलं, गेटला शिट्टीवाला वॉचमन आला. आमचा इस्त्रीवाला भाडं परवडेना म्हणून अरणगावच्या बाजूला गेला आणि त्याच्या जागी काचेच्या दाराचं कॉफीचं दुकान आलं, जिथे मी अजून पाऊल ठेवलेलं नाही. माझ्याही फ्लॅटची किंमत वाढली. खोटं कशाला बोलू, मनातून बरं वाटलं होतं. पण एक दिवस लक्षात आलं, की रोडला जायला आता आक्कांची वाट सोडून दुसरी वाटच उरली नाही. नाहीतर टॉवरला पूर्ण वळसा घालायचा. आमच्या बस धरणाऱ्यांचं, शाळेच्या पोरांचं, गुडघेदुखीवाल्या बायकांचं सगळं त्या एका वाटेवर होतं, आणि ती वाट एका म्हातारीच्या मर्जीवर होती.

ही मर्जी काय चीज आहे ते मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पोळ्याचा दिवस होता. कारखान्याला पोळा कळत नाही, त्यामुळे मी दुपारच्या पाळीला घाईघाईने निघालो, तर वाटेवर वेड्या बाभळीची भलीमोठी फांदी आडवी. मी ती उचलायला वाकलो. समोर बाजेवर आक्का बसल्या होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, "हात लावू नका. आज वाट बंद हाय. बैलाला एक दिस सुट्टी असती, वाटंला नको व्हय? तिकडून जा. आन् येताना पोळी खाऊन जा." मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत वळसा घालून पळालो. बस डोळ्यांदेखत गेली. रात्री परतलो तेव्हा फांदी नव्हती, वाट झाडून स्वच्छ केलेली होती आणि माझ्या वाटणीची पुरणपोळी ताटाखाली झाकून ठेवलेली होती. इतकं तूप की राग धरून बसणं कठीण झालं.

पुढे कळलं, की त्या दरवर्षी हे करत. घरात बैल नव्हते, शेत नव्हतं, पोळ्याला सुट्टी द्यायला उरली होती ती वाटच. सकाळी त्या स्वतः ओढ्याकडून फांदी ओढत आणायच्या, दिवसभर राखणीला बसायच्या, जो येईल त्याला परत फिरवायच्या, आणि ज्याला फिरवलं त्याला हात धरून बसवून गुळवणी-पोळी खाऊ घालायच्या. दिवस मावळला की फांदी ओढून बाजूला करायच्या आणि कंबरेत वाकून सगळी वाट खराट्याने झाडायच्या. आम्हाला ती म्हातारीची लहर वाटायची. सुप्यात मी ती गंमत म्हणून सांगायचो आणि लोक हसायचे.

लहर नव्हती ते कळलं दोन वर्षांपूर्वी. आक्कांच्या जागेवर एका बिल्डरचा डोळा असल्याची कुणकुण लागली आणि आमच्या सोसायटीची मीटिंग भरली. चेअरमन माणूस वाईट नाही, फक्त त्यांना कायदा थोडासाच येतो आणि तो फार आवडतो. त्यांचं म्हणणं, की लोक इतकी वर्षं अखंड ये-जा करताहेत, तेव्हा आपण सगळ्यांनी सह्या करून तहसीलला अर्ज द्यावा की ही वहिवाटीची वाट आहे, कधीच बंद नव्हती. मग कोणी जागा घेवो, वाट आपलीच. माना डोलायला लागल्या. तेवढ्यात श्रीगोंदेकरीणबाई अगदी साधेपणाने म्हणाल्या, की पण पोळ्याला तर बंद असते ना, मी दरवर्षी तिथे बसून पोळी खाते. डोलणाऱ्या माना थांबल्या. कारण खोलीतल्या प्रत्येकाने ती पोळी खाल्ली होती. चेअरमननी तर गेल्याच पोळ्याला तीन. अर्ज तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी ते आक्कांना सांगितलं, थोडं हसत, थोडं शरमत. त्या शेंगा फोडत होत्या. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांच्या सासऱ्यांची बांधाकडची पट्टी अशीच गेली होती म्हणाल्या. लोकांना जाऊ दिलं, जाऊ दिलं, आणि एक दिवस लोकच म्हणाले की रस्ता आमचा. तेव्हापासून त्या वर्षातून एक दिवस वाट बंद करत होत्या. मी विचारलं, की बंद करता ते ठीक, पण एवढ्या पोळ्या कशाला?

"कागद हारवतो, पाथर्डीवाले. खाल्लेलं मानूस इसरत न्हाई."

इतकी वर्षं ही बाई आम्हाला प्रेमाने जेवू घालत होती आणि साक्षीदारही करून ठेवत होती, आणि दोन्ही खरं होतं. मग मी जरा चिडूनच म्हणालो, की कायमची देऊनच का टाकत नाही, तुम्हाला कुठे ती अडवायचीय? त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या. "मी हाय तवर वाट मोकळीच ऱ्हानार. पर माझ्या माघारी रावसाहेबाचा हात मोकळा पायजे. वाट द्यायची का न्हाई, त्यानं ठरवावं. तुमी न्हाई." त्यांनी मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या आणि विषय संपला.

तेराव्यानंतर रावसाहेब एकदा पायरीवर बसलेला दिसला, म्हणून मीही टेकलो. त्याने आपणहून विषय काढला. बिल्डर म्हणतोय, आधी जागा पत्र्याने बंद करा, मग बोलणी. दोन पोरं पुण्यात शिकताहेत. "आईसाठी थांबलो हुतो, भाऊ," म्हणाला, "आता कुनासाठी थांबू?" त्याचं चुकतंय असं माझ्या तोंडून निघेना. ज्या भावामुळे मी मनातून सुखावलो होतो, तोच भाव त्याच्या दारात येऊन उभा होता. पुढच्या आठवड्यात घराच्या भिंतीला नवे पत्रे टेकवून ठेवलेले दिसले. पोळा झाल्यावर मिस्त्री येणार, असं कळलं.

पोळा आला. त्या घरात या वर्षी सण नाही. आक्का गेल्यानंतरचा पहिलाच मोठा सण, त्यामुळे पुरण शिजणार नव्हतं आणि फांदी आणायलाही कोणी नव्हतं. वाट सताड उघडी. खरं तर आम्हाला हेच हवं होतं. एक पोळा मोकळा गेला असता तर चेअरमनच्या अर्जाला जीव आला असता. त्या दिवशी माझी आठवड्याची सुट्टी होती. सकाळी खिडकीतून पाहिलं, तर श्रीगोंदेकरीणबाई साडीचा काचा मारून ओढ्याकडून बाभळीची फांदी ओढत येत होत्या. मागून, श्वास लागलेला, फांदीचा बुंधा धरून चेअरमन. मी खाली धावलो. तिघांनी मिळून ती वाटेवर आडवी टाकली. चेअरमन कोणाकडे न बघता म्हणाले, की ज्याची वाट आहे त्याचीच राहू दे.

दिवसभर गल्ली वळसा घालून गेली. लिफ्टवाल्यांपैकी एकजण हेल्मेट हातात घेऊन आला, काय भानगड म्हणून विचारलं, ऐकलं, आणि परत फिरला. दुपारी आमच्या बायका त्या घरी पोळ्या घेऊन गेल्या. दुखवट्याच्या घरी पहिल्या सणाला न्यायच्याच असतात, पण इतक्या घरांतून आल्या की रावसाहेबच्या बायकोला भांडी पुरेनात. रावसाहेब बाजेवर बसून होता, आक्कांच्याच जागेवर. फांदीकडे बघत होता, आमच्याकडे नाही. दिवस मावळायला आला तेव्हा आम्ही पाच-सहाजण फांदीपाशी उभे होतो, पण हात कोणी लावला नाही. ते आमचं काम नव्हतं. मग रावसाहेब उठला, फांदीचा बुंधा धरला आणि ओढत भिंतीकडे नेली. कोणीतरी म्हणालं, आणा, टाकून येतो ओढ्यात.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "फुडल्या पोळ्याला लागंल."

पत्र्यांचं काय, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. मिस्त्री अजून आलेला नाही, आणि पत्रे तिथेच आहेत, फांदीच्या शेजारी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला निघालो. त्याच वाटेवर, घराच्या कोपऱ्याशी, चपलेतून काटा थेट तळव्यात शिरला. एक पाय वर धरून तो उपसला आणि मग दिसलं, की वाटभर काटे सांडलेत. फांदी आम्हाला आठवली, पोळ्या आठवल्या, दिवस मावळायची वेळसुद्धा आठवली, पण झाडायचं कोणाला सुचलं नव्हतं. ते आक्का करायच्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं, तेही काटा हातात धरून. थोड्या वेळाने शाळेची पोरं येणार होती. रोडवर बसचा हॉर्न वाजला, एकदा, मग पुन्हा. खराटा भिंतीच्या आड आक्कांनी ठेवला होता तिथेच होता. मी डबा पायरीवर ठेवला आणि वाकून वाट झाडायला लागलो.