नावेच्या बांबूवरची खाच

पूल झाला त्या वर्षापासून ऐतप्पच्या घाटावर हाक आली नाही. त्याआधी चाळीस वर्षं पलीकडच्या काठावरून "ओडाऽ" अशी नावेसाठी आरोळी आली की तो हातातला घास ताटात ठेवून उठायचा, पडवीतल्या खुंट्यांवरचा लांब बांबू काढायचा आणि नाव सोडायचा. आता लोक बसने पुलावरून जातात. नाव कुजून गेली. बायको कमला गेली त्याला सहा वर्षं झाली, मुलगी मंगळूरला. बांबू मात्र खुंट्यांवर होता आणि दर पावसाळ्याआधी ऐतप्प त्याला तेल लावायचा. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तो एकटा होता, हे सरळच सांगायला हवं. पण गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं ते गेल्या वर्षापासून.

वरच्या वळणावर एका कंपनीने बंगले बांधायला काढले आणि काठावर लाल मातीचा भराव टाकला. तेव्हापासून कुमारधारा नदीचं पाणी ऐन हिवाळ्यातही गढूळ. वळणावरच्या पाणमांजरांची बिळं मातीखाली गेली; उरलेली चार-पाच जनावरं ऐतप्पच्या घाटाखाली, झाडांच्या मुळांत येऊन राहिली. मग कंपनी खालच्या सुपारीच्या बागा मागायला आली. शेसप्प शेट्टीने तर शब्दही देऊन टाकला. ऐतप्पने तालुक्याला जाऊन अर्ज दिला, की हा काठ पुराचा आहे, झाडांसकट तो नदीला राहू द्या. पूररेषा ठरेपर्यंत सगळे सौदे अडकले. मग काय, चहाच्या टपरीवर तो आला की बाकावर जागा उरेनाशी झाली.

पूररेषा ठरणार होती घाटावरच्या दगडावरून. पन्नास वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुराची रेघ ऐतप्पच्या बापाने त्यावर छिन्नीने कोरली होती. पण आमचं गाव ते आमचं गाव. रेघेत कुणी कुंकू भरलं, कुणी फूल वाहिलं, आणि अशा दगडाला येता-जाता पाय लागतात हे बरं नव्हे म्हणून गावदेव गुळिगदैवाच्या ठाण्याची दुरुस्ती निघाली तेव्हा तो उचलून वरच्या चौथऱ्यावर बसवला. उचलणाऱ्या चौघांत ऐतप्पही होता. तेव्हा त्यालाही ते योग्यच वाटलं होतं.

मोजणीच्या दिवशी सर्वेअर मंजुळा मॅडमनी चौथऱ्यावरच्या रेघेला यंत्र लावलं आणि पुन्हा पुन्हा आकडा पाहिला.

"या रेघेप्रमाणे पूर शाळेच्या कौलांवरून गेला होता," त्या म्हणाल्या.

"जाईल नाही तर काय," शेसप्प हसला. "दगड आम्हीच वर चढवलाय, मॅडम. विचारा या ऐतप्पण्णाला. खांदा त्याचाच होता."

"खरं का, अज्जा?"

"खरं आहे," ऐतप्प म्हणाला. "चुकलं आमचं."

"मग हा पुरावा धरता येत नाही. कंपनीने रेषा दिलीय, तीच घ्यावी लागेल."

कंपनीची रेषा घाटाच्या तिसऱ्या पायरीवर संपत होती. म्हणजे झाडं गेली, बिळं गेली. ऐतप्प घराकडे वळला आणि लोकांना वाटलं, म्हातारा हरला.

तो बांबू खांद्यावर घेऊन परत आला. बांबूवर खाचाच खाचा. नाव बांधायच्या कातळावर तो टेकवायचा, पाणी कितव्या खाचेला लागलंय ते पाहायचं आणि नाव सोडायची की नाही ते ठरवायचं, ही त्याच्या बापापासूनची रीत. बांबू बदलला की खाचा जुन्यावरून नव्यावर जशाच्या तशा उतरवायच्या. सगळ्यात वरची मोठ्या पुराची. पाणी ओसरल्यावर, झाडावरचा चिखल ओला असतानाच बापाने मोजून मारलेली. कातळाला अजून कुणी कुंकू लावलं नव्हतं, म्हणून तो जागच्या जागी होता.

"खाच खरी कशावरून?" मॅडमनी विचारलं. "काल पाडली असं कुणी म्हटलं तर?"

ऐतप्पने शेसप्पकडे पाहिलं. लहानपणी शाळेत जाताना हाच शेसप्प नावेत बसून खाचा मोजायचा आणि वरच्या खाचेवर बोट ठेवून विचारायचा, "इथवर पाणी आलं तर आपण कुठं जायचं?"

शेसप्प चपलेने माती उकरत राहिला. मग दैवाच्या ठाण्याकडे न बघता म्हणाला, "जुनी आहे. मी पोर होतो तेव्हापासून बघतोय. लिहा, मॅडम." आणि ऐतप्पला म्हणाला, "झालं समाधान? पाणी नसताना बुडवलंस आम्हाला."

रेषा पडली. घाट, झाडं, बिळं, शेसप्पच्या बागेचा खालचा पट्टा, सगळं नदीचं राहिलं. शाळा बाहेर सुटली. शेवटचा पिवळा दगड ऐतप्पच्या फणसाखाली पुरला गेला, घराच्या मागे.

"अज्जा, घर आत येतंय," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "इथं आता नवी भिंतसुद्धा घालता येणार नाही."

"चार बोटं खाली दाखवली असतीस तर घर सुटलं असतं," शेसप्प म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"तुझी बागही सुटली असती," ऐतप्प म्हणाला.

बांबू पुरावा म्हणून सरकारात जमा झाला. जीपच्या टपावर बांधून नेला. मॅडमनी कागद लिहून दिला, परत मिळेल म्हणाल्या. जीपमागोमाग सगळे वर गेले. जाताना त्याच्याशी कुणी बोललं नाही. शेसप्प मात्र फणसाजवळ क्षणभर थांबला होता.

दिवस मावळताना ऐतप्प पेज आणि सुकटीची चटणी घेऊन पडवीत बसला. पिवळ्या दगडाच्या पलीकडे गाव होतं, अलीकडे तो. एवढ्यात पलीकडच्या काठावरून बारीक, लांब आवाज आला. पाणमांजर शीळ घालत होतं, रोजच घालायचं. पण आज त्याचं मन ठिकाणावर नव्हतं. हातातला घास ताटात ठेवून तो उठला आणि त्याचा हात वर खुंट्यांकडे गेला.

खुंट्या रिकाम्या होत्या. तसाच हात वर ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला. ताटातली पेज निवत चालली होती.